फोनमधला बाबा

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे कॅन्टीनकडे वळले की परीक्षित डबा घेऊन पार्किंग लॉटमध्ये जायचा आणि स्वतःच्या गाडीत बसून घरी फोन लावायचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्या ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारी पाचसहा देशी मंडळी होती. त्यांना वाटायचं, हा नागपूरकर जरा एकलकोंडाच आहे. वाटेना का. डब्यातली भाजी थंडगार व्हायची, काचांवर आतून वाफ धरायची आणि कानाशी पाच वर्षांच्या रुचाची गाडी सुटलेली असायची.

"बाबा, तू काय करून राहिला?"

"जेवतोय."

"मी पण जेवली. आईनं पोळीचा लाडू केला. आणि खार आली होती घरामागच्या डेकवर. तिच्या तोंडात एवढा मोठा ब्रेड होता, तो कठड्यातून जातच नव्हता. मग तिनं मान वाकडी केली नं, मग गेला." मग श्वास घ्यायला ती जरा थांबायची. "आज खूप बर्फ पडून राहिला. तिकडे पण पडतो का?"

"पडतो की," तो म्हणायचा.

ज्या घरातून ती बोलत होती ते घर ऑफिसपासून गाडीनं दहा मिनिटांवर होतं. त्या घराचं भाडं तोच भरत होता आणि संध्याकाळी तो तिथेच परतणार होता.

संध्याकाळी तो दाराशी पोचायचा तेव्हा आतून तिचा आवाज ऐकू यायचा. ती आईला काहीतरी सांगत असायची, गाणं म्हणत असायची. त्यानं कुलपात किल्ली फिरवली की नळ बंद करावा तसा तो आवाज थांबायचा. दार उघडून पाहावं तर रुचा आईच्या कुर्त्याला धरून उभी. रागावलेली नाही, घाबरलेलीही नाही. ओळख नसलेल्या पाहुण्याकडे शहाणी मुलं बघतात तशी ती बघायची. त्यानं आणलेला खाऊ दोन्ही हातांनी घ्यायची आणि सोफ्यावर ठेवून द्यायची. काही हवं असलं तर आईला खाली वाकायला लावून तिच्या कानात सांगायची. त्याच्याशी एक शब्दसुद्धा नाही. नोव्हेंबरात मायलेकी अमेरिकेत आल्या, त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. आता जानेवारी उजाडला होता.

परीक्षित इकडे आला २००५ च्या उन्हाळ्याआधी. तेव्हा रुचा तीन वर्षांची होती. आश्लेषा आणि ती तीन-चार महिन्यांत मागून यायच्या होत्या. पण आश्लेषाच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ती त्यांची एकुलती एक मुलगी, आई आधीच गेलेली. त्यांना सोडून येणं शक्य नव्हतं आणि ये म्हणणं परीक्षितलाही शोभलं नसतं. मध्ये एकदा त्यानं जायचं तिकीट काढलं, ते कॅन्सल करावं लागलं. वडील गेले, दिवसवार झाले, घराचं बघून झालं आणि मग त्या दोघी निघाल्या. जवळजवळ दोन वर्षं तो आपल्या मुलीला कानानंच ओळखत होता. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो नागपूरला फोन करायचा. तिकडे संध्याकाळ असायची. तिचे शब्द मोठे होत गेले, "र" म्हणता यायला लागला, आजोबा बोलत का नाहीत हे ती विचारू लागली. हे सगळं त्याला फोनवर ऐकू आलं.

डेट्रॉइटच्या विमानतळावर तो फुगा घेऊन उभा होता. रुचानं त्याच्याकडे पाहिलं आणि आईच्या कानात काही विचारलं. आश्लेषा हसतही होती, रडतही होती. "अगं, हाच बाबा," ती म्हणाली. रुचा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण बोलली नाही.

सवय होईल, असं सगळे म्हणाले. "लेकरू आहे, रुळेल," असं त्याची आई नागपूरहून सांगायची. मग एके दुपारी काही कामानं त्यानं घरी फोन केला, आश्लेषा अंघोळीला गेली होती, आणि रुचानं फोन उचलला. "बाबा?" असं म्हणून ती जी सुरू झाली ती थांबेना. परीक्षितला इतका आनंद झाला की तो मॅनेजरला सांगून तडक घरी आला. दार उघडलं. ती गप्प.

तेव्हापासून दुपारचा फोन हा त्याचा नेम झाला. आणि त्याबरोबर एक विचित्र गोष्ट घडू लागली. त्याला स्वतःचाच हेवा वाटू लागला. फोनमधला तो कुणी बाबा होता, त्याला सगळं मिळत होतं. घरात येणाऱ्या माणसाला काहीच नाही.

एक दिवस फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, तू कधी येणार?"

परीक्षितच्या हातातला घास तसाच राहिला. "अगं, आलोय ना मी," तो म्हणाला.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी त्यानं आश्लेषाला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळत राहिली. "मला पण विचारते," ती म्हणाली. "रोज झोपताना. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मग हात धुवून ती त्याच्यासमोर येऊन बसली. "परीक्षित, हे आपल्याच्यानं सुटणारं नाही. सुहासिनीकाकूंनी एक नाव दिलंय."

सुहासिनीकाकू तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या. आश्लेषाला अजून गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे आठवड्याची भाजी आणायला त्याच तिला घेऊन जात. त्यांच्या मैत्रिणीची मुलगी नीलांबरी ही लहान मुलांची आणि आईबापांची थेरपिस्ट होती. राहायची मिशिगनमध्येच, पण पार वर, हॉटनला, सुपीरियर सरोवराच्या काठी. गाडीनं गेलं तर अख्खा दिवस जाईल एवढं अंतर. हिवाळ्यात तिकडचे रस्ते बंद पडतात, लोकांना तिच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून ती काही कुटुंबांशी वेबकॅमवरून बोलू लागली होती.

"घरातलं गाऱ्हाणं कॉम्प्युटरपुढे बसून कुणा अनोळखी बाईला सांगायचं?" परीक्षित म्हणाला.

"तू ऑफिसातून जर्मनीतल्या लोकांशी रोज असंच बोलतोस ना?"

"ते ब्रेकबद्दल, आश्लेषा."

"मग इथंही काहीतरी अडकूनच बसलंय," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सुहासिनीकाकू रुचाला लायब्ररीत घेऊन गेल्या आणि हे दोघे बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरपुढे बसले. मॉनिटरवर वेबकॅम नीट बसेना म्हणून परीक्षितनं तो चिकटपट्टीनं लावला होता. पडद्यावर चाळिशीची एक बाई दिसू लागली. आखूड केस, जाड स्वेटर, आणि मागच्या खिडकीत पांढऱ्याशिवाय काहीच नाही.

"नमस्कार, परीक्षित," ती म्हणाली. "तू चहा घेतली का?"

परीक्षितनं आश्लेषाकडे पाहिलं.

"माझी मराठी माझ्या आईची आहे," नीलांबरी म्हणाली. "मी इकडेच जन्मली. आई माझ्याशी जे बोलायची तेवढंच मला येते. सो, माझ्यासाठी एव्हरीबडी इज तू, अँड एव्हरीबडी इज अ गर्ल. सॉरी हं."

आश्लेषाला हसू फुटलं. वडील गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. परीक्षितनं आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.

नीलांबरीनं सगळं ऐकून घेतलं, मग प्रश्न विचारले. ते त्याला अपेक्षित नव्हते. तू घरात आली की रुचाचे पाय कुठे असतात? तू बोलते तेव्हा ती कुठे बघते? तू दुसऱ्या खोलीत असली तर ती काय करते? परीक्षितला एकाचंही उत्तर देता येईना. तो तिच्या तोंडून शब्द निघतो का एवढंच बघत आला होता. बाकीची मुलगी त्यानं पाहिलीच नव्हती.

"मग या आठवड्यात तेवढंच काम," ती म्हणाली. "तिला काही विचारू नको. ये, बोल असं नको करू. खाऊ देऊन ओढू नको. जस्ट बघ. फोनवर पण, घरी का बोलत नाही, हे विचारायचं नाही. तू फक्त ऐक."

हे काम परीक्षितला समजलं. यंत्राला हात न लावता ते चालताना बघायचं, ही त्याच्या पोटापाण्याचीच विद्या. त्यानं बघायला सुरुवात केली. रुचा जेवताना डावा पाय उजव्या पायावर ठेवते. वरण आधी संपवते. त्याच्याकडे बघते तेव्हा डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघते. किती गोष्टी होत्या, आणि सगळ्या त्याच्या नाकासमोर घडत होत्या.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आश्लेषाशी काही किरकोळ बोलत होता. ओव्हनच्या काळ्या काचेत त्याला मागची खोली दिसत होती. त्या काचेत त्यानं पाहिलं, रुचा दबक्या पावलांनी येऊन भिंतीच्या कडेला उभी राहिली आहे. तिनं डोळे गच्च मिटले होते. चेहरा जरा वर उचललेला. देवळात आरती चाललेली असताना एखादं लहान मूल उभं राहावं तशी ती उभी होती आणि त्याचा आवाज ऐकत होती.

तो बोलायचं थांबला तसे तिनं डोळे उघडले. मग त्यानं पुन्हा बोलायला सुरुवात केली. गॅसचं बिल, गाडीचं ऑइल, जे सुचेल ते. आश्लेषा त्याच्याकडे बघतच राहिली. तो बोलत राहिला आणि काचेत ती चिमुकली आकृती डोळे मिटून ऐकत राहिली.  इतकी वर्षं आपण बोलत आलो, पण आपलं बोलणं कुणी असं ऐकत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यानं हे नीलांबरीला सांगितलं. पडद्यावर ती हलेना. "लाइन गेली का?" त्यानं विचारलं.

"नाही, मी आहे," ती म्हणाली. "मी विचार करते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आता फोनवर एक गोष्ट विचार. तुझ्या घरी कोण कोण असतं, असं. तुला माहीत नाही असं समजून विचार. ती सांगेल तेवढंच घे. आणि काय वाटेल ते झालं तरी, का, हे विचारू नको."

सोमवारी दुपारी बर्फ पडत होता. विंडशील्ड हळूहळू पांढरी होत गेली आणि गाडीच्या आत दुधी उजेड पसरला. रुचानं आधी खारीची बातमी सांगितली. मग त्यानं विचारलं, "रुचा, तुझ्या घरी कोण कोण असतं गं?"

"मी असते. आई असते." मग जरा थांबून, "आणि एक ते असतात."

"ते कोण?"

"ते पण बाबा आहेत. सगळे म्हणतात."

"चांगले आहेत का?"

ती विचार करत होती हे त्याला ऐकू येत होतं. "हो. संडेला पॅनकेक करतात. गोल नाही होत त्यांचे."

"तू बोलतेस का त्यांच्याशी?"

"नाही."

का, हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला.  काचेवर बर्फ पडल्याचा आवाज येत नाही, पण त्या शांततेत त्याला तोही ऐकू येतोय असं वाटलं. आणि मग कुणी न विचारता रुचा म्हणाली,

"मी त्यांच्याशी बोलली तर मग तू काय करशील? तिकडे तर तुझं कोणीच नाही."

 तिनं दोनदा "बाबा, बाबा" केलं तेव्हा कुठे त्यानं कसाबसा "हं" केला. जेवणाची सुट्टी संपली, तरी तो तिथेच बसून होता. त्याला इतके दिवस वाटत होतं, मुलीनं आपल्याला घराबाहेर ठेवलंय. आणि ती तर राखण करत होती. नागपूरच्या घरात, आजारी आजोबांच्या खोलीशेजारी बसून तिनं फोनमधल्या एका माणसाला आपला बाप म्हणून वाढवलं होतं. त्याचं तिच्याशिवाय कुणी नाही हे तिला ठाऊक होतं. मग इथे आल्यावर एक बरा, पॅनकेक करणारा माणूस समोर आला तरी तिनं त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. पाच वर्षांचं पोर, आणि एवढी निष्ठा. ही कुठून आली, हे त्याला कळेना. आपल्यात तर ती नाही, असं त्याला त्या गाडीत बसून अगदी स्पष्ट वाटलं.

शनिवारी त्यानं हे सगळं सांगितलं. आश्लेषानं त्याचा हात धरला होता. नीलांबरीनं चष्मा काढून डोळे पुसले आणि ते लपवलं नाही.

"तिला माहीत आहे की तू तोच आहे," ती म्हणाली. "डोक्याला माहीत आहे. पण फोनमधला बाबा तिच्याजवळ होता, रोज. त्याला एकटं टाकून ती कशी येणार? सो, आपण त्याला घालवायचं नाही. त्याला घरी आणायचं. हळू, तिच्या स्पीडनं."

म्हणजे काय करायचं तेही तिनं सांगितलं. फोन बंद करायचा नाही. फोन घराच्या जवळ जवळ आणत जायचा. आणि तिनं ठेवून दिला तर त्या दिवशी तेवढ्यावरच थांबायचं.

मंगळवारी घरी येताना परीक्षितनं किराणा दुकानाच्या पार्किंगमधून फोन केला. "रुचा, मी निघालोय. आता दुकानापाशी आहे." ती म्हणाली, "कोणत्या?" त्यानं सांगितलं. तिनं फोन ठेवला. गुरुवारी तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. "मी कोपऱ्यावर आहे. लाल पाटी आहे बघ, तिथे." तिनं लगेच फोन ठेवला, आणि घरात शिरल्यावर ती आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली. परीक्षित घाबरला. नीलांबरीला त्यानं ईमेल केली. तिचं उत्तर एका ओळीचं होतं, इंग्रजी अक्षरांत मराठी: घाई तुला आहे, तिला नाही.

मग त्या रविवारी सकाळी, पॅनकेकच्या आधी, तो बाहेर पडला. रात्रभर बर्फ पडून थांबला होता आणि ऊन असं लख्ख होतं की डोळे उघडवत नव्हते. ड्राइव्हवेच्या टोकाशी उभं राहून त्यानं घरी फोन लावला.

"रुचा, मी बाबा. मी तुमच्या घराबाहेर आहे. तुला वाटलं तर खिडकीतून बघ. नाही वाटलं तर नको."

 मग दिवाणखान्यातला पडदा हलला. काचेमागे कानाला कॉर्डलेस फोन लावून ती उभी होती. त्याच्याकडे बघत होती. परीक्षितनं कानाशी धरलेला आपला मोबाइल तसाच ठेवला, जागचा हलला नाही.

"तुझ्या हातात काय आहे?" फोनमध्ये आवाज आला.

"फोन."

"तो हात नको. दुसरा वर कर."

त्यानं दुसरा हात वर केला.

"खाली कर." त्यानं खाली केला. "आता एका पायावर उभा राह." तो उभा राहिला, बर्फात घसरता घसरता सावरला. "आता काही बोलू नको."

तो गप्प राहिला. खिडकीतली मुलगी फोन कानाशी घट्ट दाबून त्याच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, "आता बोल."

"काय बोलू?"

"काही पण. हळू बोल."

"रुचा," तो हळू म्हणाला. "माझी रुचा."

परीक्षित दिवसभर ऑफिसात हेच करायचा. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. ही विद्या शिकायला त्याला इंजिनीअरिंगची चार वर्षं आणि वर पगारी नोकरी लागली होती. आणि त्याची मुलगी काचेमागे उभी राहून, कुणी न शिकवता, आवाज आणि माणूस एकच आहेत का हे तपासत होती. ती काहीच गृहीत धरत नव्हती. शेजारचे म्हातारे गृहस्थ मशीननं बर्फ काढत होते. हात वर-खाली करणारा, एका पायावर उभा राहणारा हा माणूस पाहून ते थांबले. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. त्यांनी मशीन बंद केलं आणि दाढीवरून हात फिरवत तसेच उभे राहिले.

"उडी मार," रुचा म्हणाली. त्यानं मारली. तिनं काचेला तळहात लावला. काचेवर वाफेचा छोटा पंजा उमटला.

"आत येऊन जा," ती म्हणाली. "फोन घेऊन ये."

तो फोन कानाशी धरूनच आत आला. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही. रुचा खोलीच्या मध्यभागी त्याच्याकडे पाठ करून उभी होती, तोंड भिंतीकडे. स्वयंपाकघराच्या दारात आश्लेषा ओला हात तसाच धरून उभी होती, पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"तू आता आत आहेस?" रुचानं विचारलं.

परीक्षितला तिचा आवाज दोनदा ऐकू आला. एकदा समोरून, खोलीच्या हवेतून, आणि निमिषभर उशिरा कानाशी, फोनमधून. तोच आवाज. या घरात, त्याच्या समोर, पहिल्यांदा. तो होता तिथेच जमिनीवर बसला.

"हो. आत आहे."

"मग तिकडे कोण आहे?"

"तिकडे कोणी नाही आता. मी सगळा इकडे आलो."

"सामान पण?"

"सामान पण."

 "बरं," असं म्हणून तिनं फोन बंद केला आणि खारीला बघायला डेककडे निघून गेली.

नंतर दिवसभर ती त्याच्याशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोनवर पूर्वीसारखं बोलायची, फक्त "तिकडे" म्हणणं तिनं सोडलं होतं. परीक्षितनं शनिवारी नीलांबरीला विचारलं, आपलं काही चुकलं का. ती पडद्यावर हसली. "थांब, परीक्षित. सामान आताच आलंय. ती लावते आहे."

पुढे काही दिवस तो वरच्या खोलीत आणि ती खाली, अशा घरातल्या घरात फोनवर गप्पा चालल्या. मग जिन्याच्या दोन टोकांना बसून. आश्लेषा म्हणायची, "आपल्या घराचं फोनबिल बघून कंपनीवाले वेडे होतील." पण म्हणताना ती जिन्याखाली उभी राहून ऐकत असायची.

आणि एका रविवारी, मार्चमध्ये, छपरावरचा बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या तेव्हा, परीक्षित तव्यावर पॅनकेक घालत असताना पाठीमागून आवाज आला.

"त्याच्यात केळं नको."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. "बरं," तो म्हणाला.  तवा तापत राहिला.

"उलट नं. जळून राहिला."

त्यानं उलटला. एका बाजूनं पार काळा झाला होता. तोही गोल नव्हताच. तिनं तो खुर्चीवर बसून, डावा पाय उजव्यावर ठेवून, सगळा खाल्ला. फोन टेबलावर पडला होता. तिनं त्याला हात लावला नाही.

त्यानंतर ती बोलतच सुटली. पण सगळ्यात आधी तिला एक हवं होतं. तू तिकडे कुठे राहत होतास ते दाखव, असं तिनं त्याला सांगितलं. परीक्षितचं पहिलं अपार्टमेंट त्याच गावात होतं, हायवेपलीकडे. दुपारी तो तिला गाडीत घालून घेऊन गेला. तपकिरी विटांच्या तीन मजली इमारती, एकीसारखी दुसरी. त्यानं गाडी थांबवून दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली.

"तिथून मी तुला फोन करायचो."

रुचा मागच्या सीटवरून, मान उंच करून, ती खिडकी बघत राहिली. तिथे आता निळा पडदा होता. पडद्याआड कुणीतरी इकडून तिकडे गेलं.

"आता कोण राहतं?"

"दुसरं कोणीतरी."

"त्यांची मुलगी त्यांच्याजवळ आहे का?"

"माहीत नाही, बेटा."

 मग तिनं बोट दाखवून विचारलं, तू झोपायचा कुठे, जेवायचा कुठे, आणि मी फोनवर रडायची तेव्हा तू कुठे बसायचा. परीक्षितनं एकेक सांगितलं. खिडकीशी खुर्ची होती, तिथे. खरं म्हणजे खुर्चीत नाही, खुर्चीपाशी, जमिनीवर. ती ऐकत होती, आणि या वेळी तिचे डोळे उघडे होते. आरशात तो ते बघत होता, आणि समोरचा रस्ता त्याला अंधूक दिसत होता.

नीलांबरीला ते तिघे कधीच प्रत्यक्ष भेटले नाहीत. उन्हाळ्यात, कॉम्प्युटर बेसमेंटमधून वर आणल्यावर, तिनं एकदा विचारलं, रुचा कशी आहे, तेव्हा परीक्षितनं वेबकॅम चिकटपट्टी सोडवून हातात घेतला आणि डेककडे वळवला, जेवढी वायर पुरली तेवढा. चित्र अंधूक होतं, पण डेकवर बडबडणाऱ्या रुचाचा आवाज पोचत होता. नीलांबरी ऐकत बसली.